तोडलेल्या कुलपाचा निरोप

लाँड्रीत मला सगळे शंकासूर म्हणतात. म्हणू देत. ज्याच्या बोटाखाली बटण असतं त्याने शंका घ्यायची नाही तर कुणी घ्यायची?

आमची लाँड्री म्हणजे घरगुती कपड्यांची नव्हे. इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन असं सगळं ढिगाने येतं, धुतलं जातं, वाळतं आणि गाडीत बसून परत जातं. मी असते वाळवणाऱ्या ड्रायरवर. ड्रायर म्हटलं की लोकांना घरातलं ते चिमुकलं यंत्र आठवतं. आमच्या ड्रायरच्या ड्रममध्ये माणूस वाकून उभा राहील. ड्रमच्या मागे, पत्र्याच्या आत, एक अरुंद पोकळी असते. तिथे पट्टे, रोलर आणि पंखा. त्या पोकळीत जायला मागून एक छोटं दार आहे, आणि ते दार गाड्या लागतात त्या धक्क्याच्या बाजूला उघडतं. पुढे उभं राहून मला मागचं काहीसुद्धा दिसत नाही. हे मी गेल्या दोन इनचार्जना सांगून थकले.

त्या दिवशी कोपऱ्यातल्या ड्रायरचं मागचं सील फाटलं होतं. ते बदलायला आत कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता. आमचा फिटर इतका बारीक की त्याचं नावच काडीपैलवान पडलंय. बाकीचे फिटर त्या दारात खांद्यापाशी अडकतात. हा सुर्रकन आत.

पण आत जाण्याआधी कुलूप. हा आमच्याकडचा कडक नियम, आणि काडीपैलवान तो देवपूजेसारखा पाळायचा. पुढच्या भिंतीवरचा मेन स्विच पाडायचा, खटक्याला आपलं लाल कुलूप घालायचं, कुलपाला आपल्या फोटोचा बिल्ला लावायचा. बिल्ल्यावर लिहिलेलं असतं, 'मी आत आहे, चालू करू नका.' किल्ली एकच, ती आपल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. किल्ली खिशात आहे तोवर यंत्र मेलेलं, असा त्याचा अर्थ. फिटर लोक त्या भरवशावर आपलं डोकं पट्ट्यांमध्ये घालतात.

दुपारी जेवणं आटोपली आणि ऑफिसात फोन आला. काडीपैलवानाची मुलगी शाळेत जिन्यावरून पडली होती. डोक्याला खोक, खूप रक्त. शाळेने तिला इस्पितळात हलवलं होतं, ज्याच्या चादरी आम्ही धुतो त्याच. आमच्या वॉचमनने निरोप आणला तेव्हा पैलवान पोकळीतच होता. तो बाहेर आला, निरोप ऐकला आणि तसाच ग्रीसच्या हातांनी पळाला. वॉचमनने त्याला फाटकावरून एका टेम्पोत बसवून दिलं. मोबाइल आम्हाला कामावर नेता येत नाही, तो त्याच्या कपाटात राहिला. कुलूप खटक्याला राहिलं.

आता गंमत बघा. नेमक्या त्याच दिवशी दुसऱ्या ड्रायरचा पंखा धापा टाकत होता, आणि संध्याकाळची इस्पितळाची गाडी चादरींसाठी येणार होती. तिथून सारखे फोन. शेवटी मॅडम काचेच्या केबिनमधून बाहेर आल्या.

मॅडम म्हणजे आमच्या देखभालीच्या इनचार्ज. काडीपैलवानाची बायको त्यांची सख्खी धाकटी बहीण. पण कामावर नात्याचं नाव नाही. घरी भाऊजी, इथे फिटर. एकदा त्याने चुकून सगळ्यांसमोर 'ताई' म्हटलं तर त्यांनी अशा नजरेने बघितलं की बिचाऱ्याने आठवडाभर त्यांना काहीच म्हटलं नाही.

"कुलूप तोडावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

 कुलूप तोडणं आमच्या नियमात बसतं, पण सोपं नसतं. ज्याचं कुलूप तो माणूस आवारात नाही याची खात्री करायची. त्याला गाठायचा प्रयत्न करायचा. यंत्र आतून-बाहेरून तपासायचं. दोन माणसांदेखत कापायचं. आणि तो परत कामाला हात लावण्याआधी त्याला सांगायचं, की बाबा, तुझं कुलूप आता तिथे नाही. सगळ्यात जास्त कंटाळा लोकांना या शेवटच्याचा येतो, कारण तोवर यंत्र चालू झालेलं असतं आणि प्रत्येकाला घाई असते.

मॅडमनी काहीच कमी केलं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, स्वतः टेम्पोत चढवलंय. तरी संडासापासून कँटीनपर्यंत माणूस फिरवला. मग वायरमनला बोलावलं. तो मागच्या दारातून अर्धा आत शिरला, बॅटरीने कोपरा न् कोपरा बघितला. सील बसलेलं होतं, बोल्ट पक्के होते. रोलरच्या बुडाशी पैलवानाचा पाना पडलेला सापडला.

"हा आत राहिला असता तर पट्ट्याचे तुकडे झाले असते," वायरमन म्हणाला.

मॅडमनी पाना आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. दार लावून घेतलं. मग बहिणीला फोन लावला. मी शेजारीच उभी होते, कारण दोन साक्षीदारांत एक मी.

"कशी आहे छकुली?... टाके?... रडतेय का?... बरं, भाऊजींना दे जरा." मग थोडं थांबून, "आत डॉक्टरांपाशी आहेत का? बरं मग तू सांग त्यांना. म्हणावं, तुमचं कुलूप आम्ही तोडतोय. ड्रायर चालू होईल. आठवणीने सांग हं. ते इथे आले की आधी मला भेटू देत."

पलीकडून काहीतरी 'हो हो' झालं. फोन ठेवला.

"मॅडम," मी म्हटलं, "त्याला कळलंय हे त्याच्याच तोंडून ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

"मुलीला टाके घालतायत, मावशी. त्याला तिथून उठवून आणू?"

"उठवू नका. थोडं थांबून परत लावा."

"माझ्या बहिणीवर विश्वास नाही का तुमचा?"

 विश्वास म्हणजे काय, मी तिच्या हातचा चहा प्यायलेय. गरीब बाई, नवऱ्याला फुलासारखा जपते. माझी भीती तीच होती. जपणारी माणसं वाईट बातमी गाळून सांगतात.

आणि आमच्याकडे तोडलेलं कुलूप ही वाईट बातमीच करून ठेवलीय. कुण्या जुन्या साहेबाच्या डोक्यातून निघालेली अक्कल. कँटीनच्या दारापाशी एक फळी ठोकलीय. ज्याचं कुलूप तोडावं लागलं त्याचं ते कापलेलं कुलूप, फोटोच्या बिल्ल्यासकट, त्या फळीला टांगायचं. म्हणे इतरांना धडा मिळतो. धडा कसला डोंबल्याचा! येता-जाता लोक त्या फोटोला नमस्कार करतात, कुणी गमतीने हार घालतो. बॉयलरवाल्याचं कुलूप तिथे लटकलं तेव्हा तो माणूस महिनाभर डबा घेऊन बाहेर झाडाखाली जेवत होता. काडीपैलवान तर त्याहून हळवा.

वायरमनने कटर लावला. लाल कुलूप कट्‌ करून तुटलं. वायरमन ते घेऊन फळीकडे निघाला तेव्हा मी म्हटलं, "आज नको रे टांगूस. पोरीच्या डोक्याला टाके पडतायत." मॅडमनी मान हलवली आणि कुलूपही खणात टाकलं.

पण लगेच ड्रायर चालू करता येईना, कारण त्यात घालायला ओल्या चादरी तयार नव्हत्या. धुलाईचं यंत्र अजून घुसळत होतं. म्हणजे मधे तासभर रिकामा वेळ. कुलूप निघालेलं, स्विच चढवलेला, यंत्र थंड आणि गप्प उभं, आणि मी त्याच्यासमोर. तो वेळ मला अजिबात मानवला नाही.

मी वायरमनला म्हटलं, "चालू करायच्या आधी परत एकदा मागे बघशील ना?"

"आत्ता तर बघितलं, मावशी. आत काय उंदराने संसार थाटला असेल?"

"उंदीर नाही रे. पैलवान."

"तो इस्पितळात आहे."

"त्याला कळलंय का पण?"

"मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमनी बहिणीला सांगितलंय."

वायरमन हसला. "शंकासूर," म्हणाला, आणि दुसऱ्या ड्रायरच्या पंख्याकडे गेला.

मी केबिनच्या दारात गेले. मॅडमच्या कानाला फोन, इस्पितळाचाच. त्यांनी हातानेच 'थांबा' केलं. मी थांबले. फोन संपेना. तेवढ्यात धुलाईवाल्या पोरींनी हाक मारली, चादरी निघाल्या. मी मुकाट्याने वळले. मला माझा स्वतःचाच राग आला होता. इतकी वर्षं काम करून एका फोनसाठी दारात अशी उभी, जणू शाळेतली पोर.

ओल्या चादरी ढकलगाड्यांतून आल्या. त्या ड्रममध्ये कोंबणं म्हणजे कुस्तीच. खांद्याने रेटत, शिव्या घालत आम्ही ड्रम भरला. शेजारचे ड्रायर गरगरत होते, पंखा धापा टाकत होता. कानात दुसरं काही शिरत नव्हतं. मागे धक्क्यावर इस्पितळाची गाडी लागल्याचं मला कळलंच नाही. मी पुढचं दार लावलं.

मागे जाऊन बघून यावं, असं मनात आलं. चार पावलं टाकायची होती. धुलाईवाली पोरगी म्हणाली, "मावशी, चला ना, गाडी यायची वेळ झालीय." मी म्हटलं, मॅडमनी बघितलंय, वायरमनने बघितलंय, साक्षीला मी स्वतः होते. दर वेळी आपणच का शहाणं व्हायचं?

मी बटण दाबलं.

ड्रम फिरण्याआधी भोंगा वाजतो. कुणाचा हात आत असेल तर त्याने काढून घ्यावा म्हणून. भोंगा सुरू झाला आणि केबिनचं दार धाडकन उघडलं. मॅडम पळत येत होत्या. मॅडमना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. एका पायात चप्पल, हातात फोन, तोंड उघडं. काय म्हणत होत्या ते एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण त्यांचा चेहरा मला वाचता आला.

मी लाल बटणावर हात मारला. बोट नव्हे, अख्खा पंजा. भोंगा मध्येच तुटला. ड्रमला एक हिसका बसला असं मला वाटतं, वायरमन म्हणतो, बसला नाही. मला अजून तो हिसका हाताला जाणवतो.

"मागे," मॅडम ओरडल्या. "मागे, मागे."

मेन स्विच पाडायचं भान वायरमनला राहिलं, देव त्याचं भलं करो. आम्ही दोघी धक्क्याच्या बाजूला पळालो. पोकळीचं छोटं दार उघडं होतं. त्यातून दोन पाय बाहेर आलेले. मोजे घातलेले, बारीक.

ते पाय हलत नव्हते.

मॅडमनी त्याचा घोटा धरला आणि त्यांच्या तोंडून नाव नाही, हुद्दा नाही, नुसतं "भाऊजी" निघालं. एकदा, दोनदा. 

पाय हलले. मग कंबर आली, मग खांदे, मग धुळीने भरलेलं डोकं.

"काय झालं?" काडीपैलवान म्हणाला. थोडा वैतागलेलाच होता. "आत माझा पाना सापडत नाहीये. इथेच राहिला होता, रोलरपाशी. सगळीकडे हात घालून बघितलं."

 मी तिथेच धक्क्याच्या पायरीवर बसले. 

"तू इथे कसा?" मी कसंबसं विचारलं.

तर हा आपला सरळ सांगायला लागला. मुलगी झोपली. बायको म्हणाली, आता मी आहे, तुम्ही काळजी करू नका. मग याला आठवलं की कुलूप तसंच राहिलंय आणि पाना आत. कुलूप तोडावं लागलं तर फळीवर फोटो. आणि पाना आत असताना कुणी ड्रायर चालू केला तर यंत्राची वाट. इस्पितळाची चादरीवाली गाडी निघालीच होती, ड्रायव्हर ओळखीचा, त्याच्या शेजारी बसून आला. फाटकावर उतरला नाही, कारण तिथे सगळे चेष्टा करतील. धक्क्यावर उतरला, समोर दार. म्हटलं आधी पाना काढू, मग पुढे जाऊन कुलूप काढू, आणि कुणाला काही कळायच्या आत परत जाऊ.

"भोंगा ऐकलास ना?" मी विचारलं.

"ऐकला की."

"मग बाहेर का नाही आलास?"

"शेजारच्याचा असेल म्हटलं. याचा कसा असेल?" त्याने खिशावर हात ठेवला. "किल्ली माझ्याकडे आहे."

मॅडमच्या हातात फोन अजून चालू होता. त्यातून बहिणीचा बारीक आवाज येत होता, "ताई? ताई, काय झालं? बोल ना." नंतर मला कळलं ते असं. बहिणीने सहज फोन केला होता, की हे तिकडे यायला केव्हाच निघालेत, पोचले असतील. आणि कुलपाचं मी काही बोलले नाही हं ताई, आधीच पोरीचं टेन्शन, त्यात ते मनाला लावून घेतील. तू समोर बसवून नीट सांग. इतकं ऐकलं आणि मॅडम पळाल्या. बहिणीच्या वाक्याचा शेवटही त्यांनी ऐकला नव्हता.

मॅडमनी फोन कानाला लावला, "नंतर करते, सगळं ठीक आहे," म्हणाल्या आणि बंद केला. मग त्या काडीपैलवानासमोर सरळ उभ्या राहिल्या. एक पाय अनवाणीच. मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"फिटर," त्या म्हणाल्या. शब्द सगळे नियमातले होते. "तुमचं कुलूप आम्ही तोडलंय. तुम्ही आवारात नव्हता. यंत्र तपासलं होतं. तुमचा पाना माझ्या खणात आहे. स्विच चढवलेला होता. तुम्ही आत असताना बटण दाबलं गेलं."

"मी दाबलं," मी म्हटलं. ते त्यांनी एकट्यांनी डोक्यावर घ्यावं, हे मला चालणार नव्हतं.

काडीपैलवान आमच्याकडे बघत राहिला. त्याने एकदा त्या उघड्या दाराकडे बघितलं, आतल्या पट्ट्यांकडे बघितलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो माझ्या शेजारी पायरीवर बसला.   गाडीचा ड्रायव्हर डोकावला, आमचे चेहरे बघितले आणि गुपचूप परत गेला.

"ताई," शेवटी तो म्हणाला. कामावर, सगळ्यांसमोर. "हिला यातलं काही सांगू नका. तिच्यामुळे झालं असं वाटेल तिला. आधीच रडून रडून डोळे सुजलेत. झोप लागायची नाही बिचारीला."

मी त्या माणसाच्या श्रीमुखात भडकवायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. ती याला जपायला गप्प बसली, आता हा तिला जपायला गप्प बसणार, आणि उद्या आम्ही असंच कुणालातरी पोत्यात घालून घरी पाठवणार.

मॅडमनी मात्र आवाज चढवला नाही. त्या खाली वाकल्या, त्याच्या डोळ्यांसमोर आल्या आणि फोन पुढे केला.

"तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर. काही गाळायचं नाही."

त्याने फोन घेतला. बायकोचा नंबर लावला. पलीकडे लगेच उचलला गेला.

"ऐक," तो म्हणाला, "मी बरा आहे. आधी सगळं ऐकून घे, मग रड."